आकड्याला वेलांटी नसते

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. बुटकीच्या अंगावरचे पित्ताचे चट्टे गेले हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी परिरक्षक घातलेले पदार्थ बंद करायला सांगितले आणि चट्टे गेले, म्हणजे रोग बरोबर ओळखला म्हणायचा. तू म्हणतेस फोन कर. पण फोनवर माझं अर्धं बोलणं ‘अं’ आणि ‘म्हणजे’ यातच संपतं. लिहिलेलं निदान पुन्हा तपासता येतं.

तू विचारलंस, पाकिटांवर ‘परिरक्षक’ आणि ‘आम्लता नियंत्रक’ असे दोन शब्द असतात, तर दोन्ही टाळायचे का? मी आठवीपुढे शिकलो नाही, म्हणून अंदाजाने न सांगता आमच्या छापखान्याशेजारच्या औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानवाल्या बाई आधी म्हणाल्या, “तुला कशाला चौकशी? काही पिऊन आलायस का?” भाचीचं नाव काढल्यावर मात्र गिऱ्हाईक थांबवून नीट सांगितलं.

परिरक्षकाचं काम पदार्थ टिकवायचं. बुरशी येऊ द्यायची नाही, आंबू द्यायचा नाही. आम्लता नियंत्रकाचं काम आंबटपणा हवा तेवढाच ठेवायचं. लिंबातला आंबटपणा असतो ना, साधारण त्याच घराण्यातला. दिसायला दोन्ही पांढरी पावडर. गंमत अशी, की सरबतात घालतात तो परिरक्षक आंबट वस्तूतच काम करतो. आंबटपणा कमी पडला तर तो नुसता बसून पगार खातो. म्हणून दोघं बऱ्याचदा जोडीने येतात. आणि हेही लिहितो, की ठरलेल्या मापात घातलेला परिरक्षक बहुतेक लोकांना चालतो. आपल्या बुटकीला चालत नाही, एवढंच.

तेव्हा तू एक कर. बाटली घे, मागची बारीक अक्षरं वाच. ‘परिरक्षक’ हा शब्द दिसला की बाटली परत फळीवर. ‘आम्लता नियंत्रक’ला घाबरू नकोस. ती बारीक अक्षरं छापायला सांगणाऱ्याला मात्र एकदा त्याचंच लेबल चष्म्याशिवाय वाचायला लावलं पाहिजे. मुंगीसुद्धा वाकून वाचेल.

माझं काम बरं चाललं आहे. छपाईआधीचा शेवटचा नमुना मी तपासतो आणि खाली सही करतो. माझ्या सहीशिवाय मशीन सुरू होत नाही. मशीन चालवणारे शाईकाका मला ‘वेलांटी’ म्हणतात, आता सगळेच म्हणतात. आजच एका संत्र्याच्या सरबताचं लेबल आलं होतं. पुढे ठळक अक्षरांत ‘परीरक्षकविरहित’. म्हणजे परीचा राखणदार नसलेलं! मी दुसरी वेलांटी काढून पहिली केली. मागे ‘नियंत्रक’ची ‘नि’सुद्धा चुकली होती, तीही सुधारली. आता लेबल स्वच्छ आहे. बुटकीच्या वाढदिवसाला हे सरबत आण. तिला सांग, मामाने तपासलंय.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

चि. वेलांटीस (छान नाव आहे, घरीही हेच चालू केलं),

वाढदिवस दणक्यात झाला. सरबत आणलं. बुटकीने बाटली पोरांना दाखवून सांगितलं, “हे माझ्या मामाने लिहिलंय.” एक मुलगा म्हणाला, “मग सरबत कुणी केलं?” तर म्हणते, “ते कुणीही करतं. लिहायला डोकं लागतं.” परीच्या राखणदाराची गोष्ट मी सांगितली, तेव्हापासून बाटलीत डोळा लावून परी शोधते.

तू सांगितलंस तसं मागचं सगळं वाचलं. ‘परिरक्षक’ कुठेही नाही. सासूबाई म्हणाल्या, “लेबलं वाचून कुणाचं पोट भरलंय का?” पण ग्लास त्यांनीच आधी पुढे केला. चांगलं आहे हो सरबत. झाकण उघडं राहिलं तरी काही होत नाही.

तुझे भावजी विचारतात, लेबलावर सही करतोस तर पगाराच्या मोठ्या आकड्यावर कधी करणार? त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

ताई

८ मार्च

चि. वेलांटी,

घाईत लिहितेय. बुटकीला पुन्हा चट्टे उठलेत. पाठीवर, मांडीवर, काल डाव्या डोळ्याची पापणी एवढी सुजली की डोळा उघडेना. शाळेत पोरं ‘एकडोळी’ म्हणाली म्हणून शाळेत जायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पोटात जातंय, शोधा.

मी सगळं बंद केलं. केक, बिस्किटं, जॅम, चीज, सॉस. ब्रेडसुद्धा घरी भाजते. सासूबाई म्हणाल्या, “आईला स्वयंपाकाचा कंटाळा, मग पोरीला खाज.” मी ऐकून घेतलं, तू नसतंस घेतलं. आता फक्त वरण, भात, भाज्या आणि तुझं सरबत. तेवढं एक खात्रीचं आहे म्हणून दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा देते, पोर काहीतरी गोड म्हणून रडते रे. आणि एक सांगू? ती बाटली इतके दिवस ओट्यावर उघडझाप होतेय, तरी बुरशीचा ठिपका नाही. याला म्हणतात शुद्ध माल.

तरी पुन्हा एकदा सगळं लेबल उतरवून पाठवते, तू बघ. पाणी, साखर, संत्र्याचा रस, आम्लता नियंत्रक (२११), नैसर्गिक सुवास. बस. यात काय लागेल तिला?

ताई

११ मार्च

ताई,

सरबत बंद कर. हे पत्र वाचून होण्याआधी बाटली उचलून वर ठेव. मी शेजाऱ्यांच्या नंबरावर फोनही केला, कुणी उचलला नाही, म्हणून हे तातडीने टाकतो आहे. ओतून देऊ नकोस, जपून ठेव.

तुझं पत्र हातात घेऊन मी औषधाच्या दुकानात गेलो. बाईंना तुझी ओळ दाखवली. त्यांनी ‘आम्लता नियंत्रक’ वाचून मान डोलावली आणि कंसातला आकडा वाचून मान थांबवली. म्हणाल्या, “अरे, हा दोनशे अकरा. हाच तर परिरक्षक. मी तुला त्या दिवशी सांगितला तो.” मी म्हटलं, शब्द तर आम्लता नियंत्रक आहे. त्या म्हणाल्या, “त्याचा आकडा तीनशे एकतीस असायला हवा. हे म्हणजे दारावर पाटी एकाची आणि आत राहतोय दुसराच.”

ताई, तो नमुना माझ्या हाताखालून गेला आहे. मी ‘नि’ची वेलांटी पाहिली, ‘परि’ची पाहिली, स्वल्पविरामसुद्धा पाहिले. कंसात काय आहे ते पाहिलं नाही. आकड्याला वेलांटी नसते ना. आणि तुला शिकवलं तेही शब्द शोधायला. दोघं भाऊबहीण शब्दाच्या नादी लागलो आणि पोरीला दोन वेळा तेच पाजत राहिलो.

पण कंपनीत इतक्या शिकलेल्या माणसांनी आकडा तपासू नये? एक आकडा चुकला की कुणाच्या पापण्या सुजतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का? मी आजच कंपनीच्या साहेबांना पत्र लिहिलं आहे. नम्रपणे, पण स्पष्ट. ‘आपल्या लेबलावर गंभीर चूक झाली आहे. २११ हा परिरक्षक असून आम्लता नियंत्रकाचा क्रमांक ३३१ आहे. कृपया तातडीने दुरुस्ती करावी.’ चारदा वाचून मगच पाकिटात घातलं. चूक कळल्यावर ते नक्की सुधारतील.

बुटकीला माझी माफी सांग. नको, राहू दे, तिला काय कळणार. तिची पापणी कशी आहे ते लगेच कळव.

तुझा भाऊ

१९ मार्च

चि. भावास,

सरबत थांबवलं आणि चट्टे ओसरायला लागले. पापणी उतरली. काल शाळेत गेली. जाताना म्हणाली, “आज कोण एकडोळी म्हणतं बघतेच, दोन्ही वटारणार आहे.”

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. माझ्याही हातात बाटली होतीच की. पण तुझ्या पत्रातला एक शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. चूक. मागे परिरक्षकाला आम्लता नियंत्रक म्हटलं, ही समजा चूक झाली. मग पुढे एवढ्या ठळक अक्षरांत ‘परिरक्षकविरहित’ छापलं, तीही चूक? बाबा रे, चुका अशा एकमेकींना सांभाळून घेत नाहीत. माझ्या घरात चूक झाली तर मीठ जास्त पडतं. मीठ जास्त पडून वर ‘अळणी’ अशी पाटी लागत नाही.

तू भोळा आहेस. जगात सगळे विसराळू आहेत असं तुला वाटतं, कारण लबाड आहेत असं मानलं तर तुला झोप लागणार नाही.

सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बाटली हातात घेतली, खूप वेळ बघितली, आणि म्हणाल्या, “मेल्यांनी मलाही पाजलं की!” बस, एवढंच. मला बोलल्या त्याबद्दल काही नाही. पण संध्याकाळी भाकरी त्यांनी भाजली.

साहेबांचं उत्तर आलं की कळव.

ताई

२ एप्रिल

प्रिय ताई,

तू म्हणालीस ते खरं होतं. मला तसं लिहायला फार जड जातं आहे.

साहेबांचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो: ‘आपण निदर्शनास आणून दिलेली शुद्धलेखनाची बाब योग्य असून त्यानुसार दुरुस्ती करण्यात येत आहे. आपल्या दक्षतेबद्दल आभार.’ वाचून मी इतका खूश झालो की शाईकाकांना दाखवायला मशीनपर्यंत धावलो. ते म्हणाले, “वा वेलांटी! आता तुझा पुतळा उभारतील, हातात लाल पेन दिलेला.”

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं काम आमच्याच छापखान्यात आलं. मला वाटलं होतं, नवीन लेबल येईल, ‘परिरक्षक (२११)’ असं, आणि पुढचं ‘परिरक्षकविरहित’ जाईल. ताई, नवीन लेबल आलंच नाही. आला एक स्टिकर. करंगळीच्या नखाएवढा, पांढरा. त्यावर तीन आकडे, ३३१. भरून तयार असलेल्या बाटल्यांवर, जुन्या आकड्याच्या जागी बरोबर बसेल असा.

सरबत तेच. बाटली तीच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. आत २११ घातलेलं आहे आणि वर ३३१ चिकटणार. आधी निदान कंसात खरं होतं, ज्याला आकडे कळतात त्याला सापडलं असतं. आता शब्दही खोटा आणि आकडाही. आणि कुठला आकडा लावला म्हणजे खोटं पुरं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं? मी. नम्रपणे, चारदा तपासून.

छापखान्याच्या मालकांकडे गेलो. म्हणालो, “मी यावर सही करणार नाही.”

ते म्हणाले, “का? आकडा चुकलाय?”

“आकडा बरोबर आहे. माल चुकीचा आहे.”

“माल आपण बनवतो का?”

“नाही.”

“मग? तुला छपाई तपासायला ठेवलाय. तीन नीट आलाय, तीन नीट आलाय, एक नीट आलाय. तपासून झालं.”

मी बुटकीचं सांगितलं. पापणीचं सांगितलं. बोलताना तोंड कोरडं पडलं, ‘अं’ आणि ‘म्हणजे’ सुरू झालं. मालक वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, “तुझ्या भाचीला नको देऊ म्हणावं. विषय संपला.” ताई, हे ऐकल्यावर माझं ‘अं’ कुठे गेलं कळलं नाही. मी म्हणालो, “मला माहीत आहे म्हणून माझी भाची वाचेल. ज्या पोरीचा मामा छापखान्यात नाही, तिची आई काय वाचणार? हे चिकटवल्यावर तिला वाचायला काय उरणार?”

ते म्हणाले, “आठवडाभरात सही कर, नाहीतर घरी बस.”

मी आत्ता टेबलाशी बसून लिहितो आहे. नमुना समोर आहे. तीन आकडे आहेत, एकही चूक नाही, आणि मला तो फाडून टाकावासा वाटतो आहे. भीतीही वाटते. तू काय म्हणतेस?

तुझा भाऊ

६ एप्रिल

चि. भावास,

भावजी म्हणतात, सही कर आणि दुसरी नोकरी शोध, मग सोड. शहाणपणाचं बोलतात, त्यांची चूक नाही. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्या पोरीची आई काय वाचणार, इथपर्यंत आल्यावर उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, “मागची खोली रिकामीच आहे आपली.”

मी काय म्हणू? सही करू नकोस असं म्हणायला मला लाज वाटते, कारण ताट तुझ्यापुढचं जाणार. सही कर म्हटलं तर बुटकीकडे बघवणार नाही. तुझं उत्तर तुझ्या पत्रातच लिहिलेलं आहे. तू फक्त माझ्याकडून तपासून घेतोयस. घेतलं तपासून. बरोबर आहे.

ताई

१७ एप्रिल

प्रिय ताई,

सही केली नाही. मालकांनी स्वतः सही केली. स्टिकर छापले गेले. मशीन चालवताना शाईकाका माझ्याकडे बघत नव्हते. दुपारी मालकांनी मला कामावरून काढलं, माझा डबा परत दिला, लाल पेन ठेवून घेतलं. ते छापखान्याचं होतं.

मी अन्न निरीक्षकांच्या कचेरीत अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, “स्टिकर लावलेली बाटली आणलीय?” माझ्याकडे नव्हती. म्हणाला, “मग हवेत तक्रार करताय की काय?” मी बाजारात फिरलो, इकडे अजून माल आलेला नाही. आलाच तर स्टिकरखाली काय आहे हे दुकानात उभं राहून कसं सिद्ध करू? मला तर गिऱ्हाइकांच्या रांगेत बोलायलासुद्धा होत नाही.

तुझी जुनी बाटली आहे, पण तिच्यावर २११च आहे. ते म्हणतील, ही चूक होती, आम्ही सुधारली. त्यांच्याकडे माझं पत्रही आहे, ‘चूक झाली आहे’ असं माझ्याच हातचं. त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. माझा शब्द त्यांनी फडक्यासारखा वापरला.

खोली रिकामी ठेव.

तुझा भाऊ

२३ एप्रिल

चि. वेलांटी,

बस. खाली बस आणि मग वाच.

आज बुटकीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. फळीवर नवा माल आलेला. ‘परिरक्षकविरहित’ पुढे करून बाटल्या रांगेत उभ्या. मी एक बाटली उचलली, मागे बघितलं. तुझा तो नखाएवढा पांढरा तुकडा, ३३१. एवढा सफाईदार, की मला माहीत नसतं तर दिसलाही नसता. मी घेऊ की नको करतेय, तेवढ्यात बाटली बुटकीने हातात घेतली. तुला ठाऊक आहे, तिला स्टिकर सोलायचं वेड आहे. सफरचंदावरचे, वह्यांवरचे, भावजींच्या नव्या चपलेवरचा. मी नको नको म्हणेपर्यंत नखाने कोपरा उचलला आणि सर्रकन ओढला.

“आई, खाली पण लिहिलंय! दोन, एक, एक.”

दुकानदार ओरडला, “ए, बाई, पोरीला आवरा!” आणि मग माझा आवाज जो सुटला, तो आपल्या आईला शोभला असता. मी म्हटलं, “पोरीला आवरू? आधी हा काय प्रकार आहे ते बघा!” सगळं सांगितलं. तो म्हणाला, एखादी असेल. मी म्हटलं, सोला दुसरी. त्याने सोलली. दोन, एक, एक. तिसरी सोलली. रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा लावून चौथी सोलली. एक बाई म्हणाली, “माझ्या मुलाला महिनाभर खाज आहे, मी हेच देतेय, घरचंच समजून.” ती रडायलाच लागली. दुकानदाराने सोललेला स्टिकर उचलून पाहिला. मग म्हणाला, “मी माल आणणाऱ्यांना विचारलं होतं, हे काय चिकटवलंय. तर म्हणे, शुद्धलेखन.”

सासूबाईही सोबत होत्या, त्या काय म्हणाल्या ते मी पत्रात लिहीत नाही.

दुकानदाराने न सोललेल्या बाटल्या बिलासकट दिल्या आहेत, वर म्हणतो, साक्षीला येतो. दोन दिवसांनी आम्ही सगळे गाडीने तुझ्याकडे निघतो. त्या कारकुनाला सांग, हवेतली तक्रार काचेत भरून आणतोय.

बुटकी विचारते, “परी सापडली नाही, पण चोर सापडला ना?”

ताई

२८ एप्रिल

प्रिय ताई,

तुम्ही पोहोचलात का? बुटकीची माळ माझ्या खिशात राहिली आहे, पुढच्या आठवड्यात येताना आणतो.

तुम्ही गाडीत बसल्यावर मी पुन्हा कचेरीत गेलो. निरीक्षकांनी बाटल्या तपासणीला पाठवल्या आहेत. कंपनीच्या कोठारात आज माणसं गेली. पुढे काय होईल ते माहीत नाही. साहेब मोठा आहे, वकील असतील. औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी आपणहून येऊन दोन्ही पावडरींचं काम लिहून दिलं. शाईकाका आले होते, बाहेरच उभे राहिले, पण उरलेल्या स्टिकरची पट्टी देऊन गेले.

मग माझा जबाब घेतला. कारकुनाने लिहून माझ्यापुढे सहीला ठेवला. मी वाचला. वर विषय लिहिला होता: ‘लेबलावरील चूकीबाबत’.

‘चुकी’ला पहिला उकार हवा. माझा हात आपोआप पेनाकडे गेला, दुसरा काढून पहिला करायला. टोक कागदाला टेकलंसुद्धा. आणि मी थांबलो. म्हटलं, वेलांटी, पुन्हा तेच करतोयस.

मी तो शब्दच खोडला. कारकून म्हणाला, “अहो, काय करताय?” मी म्हणालो, “दुरुस्ती.” ‘अं’ नाही आणि ‘म्हणजे’ नाही. वर लिहिलं: ‘लबाडीबाबत’. ‘डी’ला दुसरी वेलांटी. मग जबाबात कंसात लिहिलेला आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचला, दोन, एक, एक, आणि खाली सही केली.

तुझा भाऊ